ज्योतीवांचून ऊब

विस्तव म्हटला कीं ज्योत, आणि ज्योत म्हटली कीं उजेड, धूर व काजळी, अशी सांखळी मनुष्याच्या मनांत हजारों वर्षें घट्ट बसलेली आहे. देवघरांतील समई असो, चुलींतील लांकूड असो, कीं स्वयंपाकघरांतील गॅस असो, जळणारी वस्तु आपलें जळणें डोळ्यांना सांगत असते. परंतु अशीहि एक शेगडी आहे कीं, जिच्यांत इंधन जळतें, भरपूर ऊब मिळते, आणि तरी ज्योत म्हणून कांहीं दिसत नाहीं. अंधाऱ्या खोलींत निरखून पाहिलें तर फार तर मंद तांबूस झांक दिसावी, इतकेंच. धूर नाहीं, आवाज नाहीं, काजळी नाहीं. इंग्रजींत हिला कॅटॅलिटिक हीटर म्हणतात. मराठींत उत्प्रेरक शेगडी म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडांत, मोटारीच्या मागें जोडून नेण्याच्या लहान फिरत्या घरांतून, म्हणजे ट्रेलरमधून, प्रोपेन वायूवर चालणारी ही शेगडी पुष्कळ वापरली जाते. ती इतकी शांत व सोज्ज्वळ दिसते कीं, दिवसभराच्या प्रवासानें थकलेलें कुटुंब ती तशीच चालू ठेवून, दारेंखिडक्या गच्च लावून निर्धास्तपणें झोपीं जातें. गोगलगाय आणि पोटांत पाय, ही म्हण आठवावी ती येथें. ज्योत नाहीं याचा अर्थ ज्वलन नाहीं असा नव्हे. आणि जेथें ज्वलन आहे तेथें हवेचा खर्च हा आलाच. हा खर्च किती होतो, आणि तो कसा भरून काढावयाचा, हें ज्याला समजलें त्याला ही शेगडी सुखकर सोबतीण आहे. ज्याला समजलें नाहीं त्याच्या जिवाला ती धोका आहे.

प्रथम हें फिरतें घर कसें असतें तें पाहिलें पाहिजे. मोटारीमागें घर ओढीत देश पाहावयास निघण्याची हौस अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत फार वाढली. एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ नांवाचा, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं जोडून केलेला ट्रेलर १९३६ सालीं निघाला. त्याच वंशांतील गोल पाठीचे चंदेरी ट्रेलर त्या देशांतील रस्त्यांवर आजहि दिसतात. मोठ्या ट्रेलरांत स्वयंपाकघर, न्हाणीघर, निजावयाची खोली असा सगळा संसार असतो. पण लहान ट्रेलर म्हणजे आंतून सुमारें चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि जेमतेम माणूस उभा राहील इतका उंच. त्यांतील एकंदर हवा पंधरा घनमीटरांच्या आसपास भरते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलींत जेवढी हवा मावते तिच्या जवळजवळ निम्मी. शिवाय वारा व धूळ आंत येऊं नये म्हणून दारेंखिडक्यांच्या कडांना रबरी पट्ट्या लावलेल्या असतात. म्हणजे हवा मुळांतच थोडी, आणि जी आहे ती कोंडलेली.

अशा घरांत बसविलेली नेहमींची भट्टी बाहेरची हवा घेऊन गॅस जाळते व जळालेले वायु नळीवाटे बाहेर टाकते. आंतील हवेशीं तिचा संबंध येत नाहीं. सुरक्षिततेच्या दृष्टीनें हीच योजना उत्तम होय. परंतु तिचा पंखा विजेवर चालतो. ॲरिझोना संस्थानांत क्वार्ट्झसाइट नांवाचें एक छोटें गांव आहे; तेथील वाळवंटांत दर हिवाळ्यांत हजारों फिरतीं घरें येऊन मुक्काम करितात. दिवसा तेथें सुखद ऊन असतें, पण रात्रीं हवा कडक थंड होते, आणि उघड्या माळावर विजेची तार कोठून असणार? रात्रभर पंखा फिरला कीं पहांटेपर्यंत बॅटरी मंदावते. उत्प्रेरक शेगडीला वीज लागत नाहीं, पंखा लागत नाहीं, धुरांडेंहि लागत नाहीं. धुरांड्यावाटे उष्णता वायां जात नसल्यामुळें गॅसची बहुतेक सर्व ऊब आंतच राहते. तिच्या लोकप्रियतेचें कारण हेंच. मात्र ज्या कारणानें ऊब आंत राहते, त्याच कारणानें जळालेले वायूहि आंतच राहतात, ही दुसरी बाजू सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं.

या शेगडीचा जन्म मोठ्या चमत्कारिक रीतीनें झाला. इंग्लंडांत फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत १८१२ सालच्या मे महिन्यांत स्फोट होऊन ९२ माणसें दगावलीं. दिव्याच्या ज्योतीनें खाणींतील वायु पेट घेई व असे अनर्थ होत. यावर उपाय शोधण्याचें काम सर हंफ्रे डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें हातीं घेतलें आणि १८१५ सालीं, ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी असलेला आपला सुप्रसिद्ध दिवा तयार केला. त्याच प्रयोगांच्या ओघांत त्याला एक नवल आढळलें. प्लॅटिनमची तापविलेली तार ज्वालाग्राही वायु आणि हवा यांच्या मिश्रणांत धरली, तर मिश्रण पेट घेत नाहीं. पण तार मात्र लाल होऊन तशीच तळपत राहते. ज्योत नसतां ज्वलन चालूं शकतें, हें येथें प्रथम स्पष्ट झालें. डेव्हीनें हा शोध १८१७ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १८२३ सालीं जर्मनींत येना येथील प्राध्यापक डोबरायनर यानें हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडला, तों तो वायु काडी न लावतां आपोआप पेटला. अशा पदार्थांच्या क्रियेला ‘कॅटॅलिसिस’ हें नांव स्वीडनमधील बर्झेलियस यानें १८३५ सालीं दिलें.

उत्प्रेरक करतो काय? उपमा द्यावयाची तर सोयरीक जुळविणाऱ्या मध्यस्थाची देतां येईल. दोन घराण्यांची गांठ तो घालून देतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाहीं. एक लग्न पार पडलें कीं दुसऱ्याच्या उद्योगास मोकळा. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर इंधनाचे कण आणि हवेंतील प्राणवायूचे कण एकमेकांच्या निकट येतात, त्यांच्यांतील बंध सैल होतात, आणि ज्योतीला लागते त्याहून पुष्कळच कमी उष्णतेंत त्यांचा संयोग घडून येतो. प्लॅटिनम स्वतः खर्चीं पडत नाहीं. उघड्या ज्योतीचें तापमान हजार-दीड हजार अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. उलट या शेगडीची गादी सुमारें चारशें अंशांवर काम करिते.

गादी म्हणण्याचें कारण असें कीं, शेगडीचें तोंड खरोखरच चपट्या गादीसारखें असतें. न जळणाऱ्या खनिज तंतूंचा थर, त्यांत अतिसूक्ष्म प्रमाणांत पसरलेलें प्लॅटिनम, आणि पुढें संरक्षणाची जाळी, अशी तिची रचना असते. मागच्या बाजूनें प्रोपेन हळूहळू गादींतून झिरपतो, पुढच्या बाजूनें खोलींतील हवा येऊन भिडते, आणि दोघांचा संगम पृष्ठभागावर होतो. त्यांतून निघणारी उष्णता किरणांच्या रूपानें समोर जाते. हिवाळ्यांतल्या कोंवळ्या उन्हांत बसल्याप्रमाणें अंगाला ती थेट जाणवते. आधीं सगळी हवा तापण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

आतां इंधनाविषयीं. प्रोपेनची वेगळी ओळख वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९१० सालीं पटविली. दाबाखालीं तो द्रवरूपानें सिलिंडरांत राहतो, आणि दाब कमी होतांच त्याचा वायु होतो. भारतांतील घरगुती सिलिंडरांत प्रोपेनबरोबर ब्यूटेनहि असतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास उकळतो, म्हणून बर्फ पडणाऱ्या थंडींत तो सिलिंडरांतच द्रवरूपानें बसून राहील. प्रोपेन मात्र उणें ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊं शकतो. थंड देशांत त्याला पसंती मिळते ती यामुळें. त्याचा दुसरा गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तो हवेच्या दीडपट जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन निघून जात नाहीं. सांडलेल्या पाण्याप्रमाणें जमिनीलगत पसरतो, बांकाखालीं, कपाटाच्या तळाशीं सांचतो आणि ठिणगीची वाट पाहतो.

शेगडीच्या खर्चाचा हिशेब आतां मांडतां येईल. लहान ट्रेलरसाठीं जी बेताची शेगडी वापरतात ती तासाला ३,००० ब्रिटिश उष्णता-एककें, म्हणजे सुमारें ९०० वॅट ऊब देते. त्यासाठीं तिला तासाला सुमारें ६३ ग्रॅम प्रोपेन लागतो. प्रोपेनच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्राणवायु लागतो. म्हणजे तासाला २३० ग्रॅम, मापानें सुमारें १७० लिटर प्राणवायु ती हवेंतून काढून घेते. त्याच्या मोबदल्यांत ती सुमारें १०० लिटर कार्बन डायॉक्साइड, म्हणजे शाळेंतल्या प्रयोगांत चुन्याची निवळी दुधाळ करणारा तो वायु, आणि १०० ग्रॅम पाण्याची वाफ खोलींत सोडते.

नुसत्या आंकड्यांनीं कदाचित् बोध होणार नाहीं. झोपलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारें १५ लिटर प्राणवायु घेतो. म्हणजे ही एक लहानशी शेगडी एकटी अकरा माणसांइतका श्वास घेते! दोन माणसांच्या निजण्यासाठीं केलेल्या डब्यांत पतिपत्नी निजलीं आहेत, आणि त्यांच्या उशाशीं आणखी अकरा अदृश्य पाहुणे रात्रभर श्वासोच्छ्वास करीत आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. खरेच अकरा पाहुणे आले असते तर खिडकी उघडण्याविषयीं कोणाला सांगावें लागलें नसतें.

ट्रेलर अगदीं हवाबंद आहे असें क्षणभर गृहीत धरलें, तर तीन तासांत काय होईल? साध्या हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो; तो साडेसतरांच्या आसपास उतरेल. कार्बन डायॉक्साइड, जो एरव्हीं शेंकडा एका भागाचा पंचविसावा हिस्सादेखील भरत नसे व आज किंचित् त्यावर गेला आहे, तो शेंकडा दोन भागांवर जाईल. निजलेल्या माणसांचा श्वास यांत धरलेलाच नाहीं. प्रत्यक्षांत कोणताहि ट्रेलर पुरता हवाबंद नसतो, फटींतून थोडी हवा येतच असते, हें खरें. पण ती किती येते हें बाहेरच्या वाऱ्यावर अवलंबून असतें. आणि निर्वात रात्रीं, छतावर बर्फ सांचलें असतां, त्या फटींवर जीव सोंपविणें शहाणपणाचें नव्हे.

येथेंच उत्प्रेरक शेगडीचा एक विशेष धोका आहे. साधी ज्योत हवा बिघडली कीं मंदावते, पिवळी पडते आणि प्राणवायु फार उतरला कीं विझते. ती विझली कीं माणूस सावध होतो. खाणींतील मजुरांना दिव्याची ज्योत हाच इशारा असे. पण प्लॅटिनमच्या गादीला ज्योतच नाहीं. तेव्हां मंदावतांना दिसणार काय? ज्या हवेंत साधी ज्योत विझेल अशा हवेंतहि प्लॅटिनमवरील क्रिया कांहीं काळ चालूं शकते. धोक्याची सूचना देणारा जुना पहारेकरी या शेगडीनें कामावरून काढून टाकला आहे.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. इंधन पुरतें जळालें तर कार्बन डायॉक्साइड होतो. अर्धवट जळालें तर कार्बन मोनॉक्साइड. चांगल्या स्थितींतील उत्प्रेरक शेगडी हा वायु अगदीं अल्प प्रमाणांत सोडते, आणि हा तिचा गुणच होय. परंतु हवेंतील प्राणवायु घटला, किंवा गादी जुनी व मळकट झाली, तर ज्वलन अपुरें होऊं लागतें. हा वायु रक्तांतील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि मग रक्त वाहतें खरें, पण प्राणवायु वाहून नेत नाहीं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; तो ताकास तूर लागूं देत नाहीं. डोकें जड होणें, मळमळणें, चक्कर येणें, गुंगी येणें हीं त्याचीं लक्षणें. प्रवासांत अशीं लक्षणें दिसलीं कीं माणूस तीं श्रमांवर किंवा जेवणावर ढकलतो, आणि अंथरुणावर पडतो. झोपलेल्याला तर कांहींच कळत नाहीं. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याचा अंत १९०२ सालच्या सप्टेंबरांत पॅरिसमधील आपल्या राहत्या घरीं निजण्याच्या खोलींत याच वायूनें झाला. धुरांडें नीट वाहत नव्हतें. विद्वत्तेचें किंवा कीर्तीचें कवच या शत्रूपुढें चालत नाहीं.

मग उपाय काय? उपाय अगदीं साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच तो टाळला जातो: झरोका उघडा ठेवणें. बाहेर बर्फ पडत असतां, ऊब मिळावी म्हणून शेगडी लावावयाची आणि त्याच वेळीं गार हवेला वाट करून द्यावयाची, हें वरवर पाहतां वेडेपणाचें वाटतें. पण येथेंहि हिशेबच निर्णय देतो. तासाला २० घनमीटर ताजी हवा आंत आली, तर आंतील प्राणवायु शेंकडा वीस भागांच्या आसपास राहतो व शेगडीमुळें वाढणारा कार्बन डायॉक्साइड शेंकडा अर्ध्या भागाजवळ थांबतो. बाहेर शून्य अंश व आंत अठरा अंश धरले, तर तेवढी हवा तापविण्यास शेगडीच्या उष्णतेचा सुमारें सातवा हिस्सा लागतो. म्हणजे रुपयांतील सरासरी चौदा पैसे दिले कीं बाकीचे शहाऐंशी निर्भयपणें उपभोगतां येतात. एवढा कर वांचविण्यासाठीं कोणी मुद्दल गमावूं नये.

झरोका एक नव्हे, दोन ठेवावे: एक खालीं, जमिनीच्या जवळ; दुसरा वर, छताजवळ. गरम झालेली दूषित हवा वरून निघते व तिची जागा घेण्यास ताजी हवा खालून येते; असा प्रवाह पंख्याशिवाय सुरू राहतो. एकच भोंक ठेवलें तर हवा आंत यावी कीं बाहेर जावी या घोटाळ्यांत पडते. उघडी जागा किती चौरस इंच असावी हें शेगडीच्या पत्रकांत छापलेलें असतें. तें अंदाजानें न ठरवितां मोजून पाहावें. झरोक्याची जाळी धुळीनें, पानांनीं किंवा बर्फानें बुजली आहे काय, हेंहि दर रात्रीं बाहेर जाऊन पाहावें. ताज्या हवेचा आणखी एक लाभ म्हणजे वाफ बाहेर जाते. आठ तासांत ही शेगडी सुमारें आठशें ग्रॅम पाणी हवेंत सोडते. तें थंड पत्र्यावर व कांचांवर दंवासारखें जमतें, गाद्या दमट होतात, कोपऱ्यांत बुरशी धरते. सकाळीं भिंती घामेजलेल्या दिसल्या, तर झरोका पुरेसा नव्हता असें खुशाल समजावें.

यंत्रांचें साहाय्यहि घ्यावें. कांहीं शेगड्यांत प्राणवायूची तूट ओळखणारी एक लहान मार्गदर्शक ज्योत बसविलेली असते. प्राणवायु शेंकडा अठरा भागांच्या सुमारास उतरला कीं ती डळमळते व गॅस आपोआप बंद होतो. परंतु ही योजना प्रत्येक शेगडींत असतेच असें नाहीं, आणि ती कार्बन मोनॉक्साइड ओळखीत नाहीं. उंच प्रदेशांत तर ती विनाकारणहि शेगडी बंद करिते. यलोस्टोन सरोवर समुद्रसपाटीपासून ७,७०० फुटांहून अधिक उंच, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपटीहून अधिक उंचीवर आहे; तेथें हवाच विरळ असल्यामुळें प्रत्येक श्वासांत समुद्रकांठच्या सुमारें तीन चतुर्थांशच प्राणवायु मिळतो. अशा ठिकाणीं सारखी बंद पडणारी शेगडी पाहून वैतागलेला प्रवासी तें यंत्रच निकामी करावयास निघतो. ही मोठीच चूक होय. विरळ हवेंत सावधगिरी वाढवावयाची, कमी करावयाची नव्हे.

म्हणून कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा वेगळी, आणि प्रोपेनच्या गळतीची सूचना देणारी वेगळी, अशा दोन्ही ट्रेलरमध्यें असाव्या. पहिली निजणाऱ्याच्या डोक्याच्या आसपास, दुसरी जमिनीलगत; कारण प्रोपेन तळाशीं सांचतो. या घंटांनाहि ठराविक आयुष्य असतें. मुदत संपली कीं त्या बदलाव्या.

गळती नाकानें कळेल, असा भरंवसा पुष्कळांना असतो. मुळांत प्रोपेनला वास नसतो. जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या उग्र द्रव्याचा. या प्रथेमागें एक दारुण कथा आहे. टेक्सस संस्थानांत न्यू लंडन येथील शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं वास नसलेला नैसर्गिक वायु इमारतीखालीं सांचून स्फोट झाला व सुमारें ३०० जणांचे प्राण गेले. त्यांत बहुतेक मुलें होतीं. त्यानंतर तेथें वायूंत वासाचें द्रव्य मिसळणें कायद्यानें सक्तीचें झालें. तथापि नाक लवकर थकतें, आणि झोपलेल्याला वास जागा करीलच असा नेम नाहीं. सांधे तपासावयाचे ते साबणाच्या पाण्यानें. जेथें बुडबुडे येतील तेथें गळती. काडी ओढून गळती शोधण्याचा प्रकार आत्मघातकी होय.

सिलिंडर नेहमीं ट्रेलरच्या बाहेर, उभा व घट्ट बांधलेला असावा. आंत कधींहि ठेवूं नये. त्यावरील रेग्युलेटर सिलिंडरांतील मोठा दाब शेगडीला सोसेल इतका खालीं आणतो, म्हणून शेगडीची नळी रेग्युलेटरवांचून सिलिंडरला कधींहि जोडूं नये. गाडी चालू असतांना सिलिंडरची तोटी बंद असावी. शेगडीपासून अंथरूण, पडदे व कपडे निदान तीन फूट दूर असावे. ज्योत नाहीं म्हणून तिच्यावर ओले मोजे वाळत घालणारे लोकहि आढळतात. पण चारशें अंशांची गादी कापसाला व लोंकरीला ज्योतीइतकीच वैरीण आहे. लहान मुलांच्या हातांचेंहि तसेंच. दिसत नाहीं तें तापलेलें नाहीं, असें त्यांना वाटणें स्वाभाविक आहे.

शेगडी पेटवितांना आरंभीं गादीवर थोड्या ज्योती दिसतात व क्वचित् न जळालेल्या गॅसचा वासहि येतो. गादी तापून प्लॅटिनम कामाला लागलें कीं दोन्ही नाहींशीं होतात. तोंपर्यंत दार उघडें ठेवून तेथें बसून राहावें. पुढेंहि वास येत राहिला, किंवा गादीचा कांहीं भाग थंडच राहिला, तर प्लॅटिनमची शक्ति क्षीण झाली असें समजावें. धूळ, तेलाची वाफ आणि सिलिकोनयुक्त फवारे हे प्लॅटिनमचे शत्रु आहेत. ते त्याच्या पृष्ठभागावर बसून त्याला निष्क्रिय करितात. म्हणून वापर नसतांना शेगडीवर झांकण घालावें, आणि ती चालू असतांना जवळ कसलाहि फवारा मारूं नये. बिघडलेली गादी घांसून धुऊन सुधारत नाहीं. ती बदलावीच लागते.

आणि सर्वांत मोठा नियम झोपेचा. निजण्यापूर्वीं तासभर शेगडी लावून ट्रेलर उबदार करावा, मग शेगडीची व सिलिंडरची तोटी बंद करून घोंगड्या, रजया व गरम पाण्याच्या पिशवीच्या आश्रयानें रात्र काढावी, आणि पहांटे उठून पुन्हां शेगडी लावावी. कित्येक कारखानदार आपल्या पत्रकांत, झोपेंत शेगडी चालू ठेवूं नये असें स्पष्ट बजावतात. जागा मनुष्य जड झालेलें डोकें ओळखून दार उघडूं शकतो. निजलेल्याला तें स्वातंत्र्य नसतें. रात्रीं कोणालाहि गुंगी किंवा मळमळ वाटली, तर कारण शोधीत बसूं नये. प्रथम सर्वांना उघड्या हवेंत आणावें, मग शेगडी बंद करावी, व वैद्यकीय मदत मागवावी.

हा विचार केवळ परदेशांतील हौशी प्रवाशांपुरता नाहीं. महाराष्ट्रांत बाळंतिणीच्या खोलींत दारेंखिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल पूर्वीं घरोघर होती, आणि निखाऱ्यांनाहि ज्योत नसते. आजच्या शहरी बिऱ्हाडांत लहानशा न्हाणीघरांत गॅसचा गीझर बसविलेला असतो; दार लावलेलें, खिडकीची कांच बंद, आणि आंत पाणी तापतें आहे. तेथें ज्योत आहे, पण ती पत्र्याच्या आड. स्नान करणाऱ्याला ती कोठें दिसते? गीझर, निखारे आणि प्लॅटिनमची गादी यांचीं रूपें निराळीं, पण भूक एकच; आणि बंद खोलींत ती भूक माणसाच्या वांट्याच्या हवेवरच भागते.

उत्प्रेरक शेगडी वाईट नव्हे. तिनें कित्येक गारठलेल्या रात्री सुसह्य केल्या आहेत, आणि डेव्हीच्या खाणींतील दिव्याप्रमाणें तिच्याहि मागें मनुष्याचे प्राण रक्षिण्याची बुद्धि आहे. फक्त तिची किंमत करतांना एक गोष्ट विसरूं नये. दुकानांतून आणतात ती वस्तु अर्धी शेगडी असते. उरलेली अर्धी म्हणजे भिंतींतील दोन उघडे झरोके. हीं दोन्ही अंगें एकत्र असतील तेव्हांच ती पुरी होते, आणि तेव्हांच ती पेटवावी.